परळातलं पाणी
महापे म्हटलं की एमआयडीसीच्या शेड, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक आणि मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचा डोळ्यांपुढे येतात. पक्ष्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. पण पाठीशी पारसिकचा डोंगर आहे, आणि एप्रिल-मेमध्ये तिथले ओहोळ आटले की मागच्या अंगणात पाण्याचं परळ ठेवणाऱ्याची चंगळ असते. पाणी दीड-दोन इंचच हवं आणि तळ मातीचा, खडबडीत. (स्टीलच्या परातीत पाहुणे घसरतात.) पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून उन्हात ते चोच उघडून धापा टाकतात. अंघोळ झाली की शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावत बसतात. तऱ्हा मात्र ज्याची त्याची. लालबुड्या बुलबुल जोडीने येतात, झटपट बुडी मारून पळतात. सातभाई घोळक्याने उतरतात आणि लग्नघरातल्या न्हाणीसारखा गलका करतात. दयाळ एकटाच, रुबाबात. शिंजीर सहसा परळाकडे फिरकत नाही. ओल्या पानांवर अंग घासून त्याचं भागतं, तेव्हा शेजारच्या जास्वंदीवर पाणी शिंपडावं. माझा लाडका मात्र कावळा! वाळका पाव आणतो, भिजवून मऊ करतो, खातो आणि पाणी नासवून जातो. तसंही ते रोज बदलायलाच हवं, कारण डेंगीच्या डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत जेमतेम आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं ओतून देऊन भागत नाही. काथ्याने घासून शेवाळ काढावं लागतं, साबण न लावता.