एका ‘किंवा’चं मोल

उदारपणे दिलेल्या दोन वस्तू एकमेकींशी जुळतीलच असं नाही. बायबलच्या अभ्यासासाठी ‘स्वॉर्ड’ नावाचा मुक्त प्रकल्प आहे. क्रॉसवायर बायबल सोसायटी तो चालवते. त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा. अट इतकीच की वाटताना जीपीएल परवान्याची दुसरी, म्हणजे 1991ची आवृत्ती पाळायची.

2007 साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तीही तितकीच उदार. पण फक्त दुसरीखालचा कोड आणि तिसरीखालचा कोड मिळून एकच प्रोग्राम करून वाटता येत नाही. दोघींचाही हट्ट एकच: अख्खा प्रोग्राम माझ्याच अटींवर हवा!

यावर तोड एका उभयान्वयी अव्ययाची आहे. ‘आवृत्ती 2 किंवा त्यानंतरची’ एवढं लिहिलं की वाट मोकळी. स्वॉर्डमध्ये हा ‘किंवा’ नाही. लिनक्सच्या कर्नलमध्येही नाही. पुढच्या अटी न वाचताच आज मान्य कशा करायच्या, हा आक्षेप खराच आहे.

तरी मला ‘किंवा’ हवासा वाटतो. परवाना मागाहून बदलायचा तर हक्क असलेल्या प्रत्येकाची संमती लागते. वीस वर्षांनी त्यातले किती जण सापडणार? 1611चं इंग्रजी बायबल लोक आजही वाचतात. अशा ग्रंथासाठी साधन घडवणाऱ्यांनी पुढच्या पिढीसाठी दार थोडं उघडं ठेवावं.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.