घरच्या शाळेतील इतिहास

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी काही कुटुंबे आज बंगळुरूत आहेत. गणित, विज्ञान, भाषा यांची व्यवस्था लावणे त्यांना फारसे जड जात नाही. गाडी अडते ती इतिहासापाशी. त्यातून घर मराठी असेल, तर अडचण दुहेरी होते. महाराष्ट्रातून आणलेल्या पुस्तकात शिवराय केंद्रस्थानी असतात, तर कर्नाटकाच्या पुस्तकात विजयनगर आणि म्हैसूर. अशा वेळी दोन्ही पुस्तके घ्यायची आणि दोन्ही वर्षअखेर संपवायची, असा बेत सहज आखला जातो. वस्तुतः घाईचे मूळ या बेतातच असते.

पुस्तक निवडण्याआधी पायाखालची भूमी पाहिली, तर हा पेच बराचसा सुटतो. बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० च्या शिलालेखात ‘बेंगळूरु’ हे नाव येते. १५३७ मध्ये केंपेगौडांनी येथे किल्ला व पेठ वसवली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजीही काही काळ येथे राहिले होते. मल्लेश्वरम् भागातील काडू मल्लेश्वराच्या मंदिरापाशी १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी देवस्थानाला दिलेल्या दानाचा तो लेख असून तो कन्नडमध्ये आहे. तो वाचून घेण्यासाठी मराठी मुलाला शेजारच्या कन्नड आजोबांचे बोट धरावे लागेल. हाही इतिहासाचाच पाठ.

गतीचे काय? घरी शिकणाऱ्या मुलाजवळ शाळेतल्या मुलाजवळ नसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. तो सनावळ्या पाठ करण्यात घालवणे हा अपव्यय होय. भिंतीवर एक दोरी ताणावी आणि एक वीत म्हणजे एक शतक धरावे. बेगूरच्या शिलालेखापासून आजपर्यंत अकरा विती भरतात. केंपेगौडांच्या पेठेपासून मात्र पाचही पुऱ्या होत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला या दोरीवर वर्षभरात चार-पाच गाठी नीट मारता आल्या, तरी ते पुष्कळ झाले.

यापेक्षा नाजूक प्रश्न आहे तो अवघड पानांचा. १७९१ साल घ्या. त्या वर्षी कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला घेतला. टिपू सुलतानाविरुद्धच्या त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. त्याच धामधुमीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने मठाच्या स्वामींना पत्रे लिहून मदत पाठवली. ती पत्रे १९१६ मध्ये उजेडात आली. ज्या टिपूने मठाला मदत केली, त्यानेच कोडगूच्या आणि मंगळूरच्या हजारो लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले होते. मराठी घरातील आईवडिलांना पहिली गोष्ट गाळावीशी वाटेल, तर दुसऱ्या कुणाला शेवटची. परंतु गाळलेले पान मुलाला कुठे ना कुठे भेटतेच, आणि मग घरच्यांनी शिकवलेल्या उरलेल्या पानांवरही त्याचा विश्वास बसत नाही. हे पान दहाव्या वर्षी उघडण्याची सक्ती नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी, कोणाची बाजू घ्यायची हे मुलावर न लादता, ते शांतपणे उघडावे. त्यासाठी एक महिना लागला तरी हरकत नसावी.

या संथपणाने मूल मागे पडेल, परीक्षा कशी देईल, अशी शंका पालकांच्या मनात येते आणि ती अनाठायी नाही. परंतु राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावरच प्रवेश मिळतो. ती नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी असतात. आठव्या वर्षापासून धरले, तरी हाताशी सहा वर्षे निवांत उरतात. सामाजिक शास्त्राचा नेमलेला अभ्यास शेवटच्या वर्ष-दीड वर्षात उरकता येतो. त्यापूर्वीच्या काळात एखाद्या सुट्टीत होदिगेरेला जाऊन यावे. दावणगेरे जिल्ह्यातील या गावी शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ मध्ये त्यांचा अंत तेथेच, कन्नड मुलुखात झाला.