पिकअपची उंची वाढवण्यापूर्वी

पिकअप गाडी आता केवळ माल वाहण्यापुरती राहिलेली नाही. इसुझूची व्ही-क्रॉस, २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटाची हायलक्स अशा दोन रांगांच्या गाड्यांतून सारे कुटुंब प्रवास करते. गाडी दारात उभी राहिली की घरातल्या तरुण मंडळींची फर्माईश सुरू होते, "गाडी जरा उंच करून घेऊ या!" दुकानदार दोन नावे सांगतो : लेव्हलिंग किट आणि लिफ्ट किट. पैसे मोजण्यापूर्वी या दोहोंतला फरक समजून घ्यायला हवा.

रिकामी पिकअप मागून थोडी उंच दिसते. तो दोष नव्हे. मागचे पाटे मालाचे वजन गृहीत धरूनच बनवलेले असतात. हौदात माल भरला की मागची बाजू बसते आणि गाडी समतल होते. लेव्हलिंग किट पुढची बाजू साधारण एक ते तीन इंच उचलते. रिकामी गाडी त्यामुळे रुबाबदार दिसते; पण माल भरल्यावर तिचे नाक वर होते. तीन मीटर अंतराच्या चाकांवर पुढची बाजू पाच सेंटिमीटर उचलली, तर तीस मीटरवर दिव्यांचा झोत सुमारे अर्धा मीटर वर जातो. म्हणजे समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत! किट बसवल्यावर दिवे पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

लिफ्ट किट चारही बाजूंनी गाडी उचलते. चिखलाचे, दगडधोंड्यांचे रस्ते नेहमीचे असतील तर तिचा उपयोग आहे. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. चासी कितीही उचलली, तरी मागचा ॲक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याची उंची वाढते ती फक्त मोठ्या टायरमुळे. आणि टायर मोठे झाले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, इंजिनावरचा ताणही वाढतो.

स्प्रिंगवर नुसती चकती बसवून मिळवलेली उंची स्वस्त पडते. पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात दणके बसतात. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा पूर्ण जोड महाग असला, तरी चाल चांगली राहते. काहीही बसवले तरी चाकांचे अलाइनमेंट करावे आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. गाडी जितकी उंच, तितकी ती वळणावर कलंडण्याची भीती अधिक. घाटातून मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्याने हे विसरू नये. गुडघे दुखणाऱ्या आजीला गाडीत चढता येईल का, हाही विचार व्हावा.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणून आधी आर.टी.ओ.कडे चौकशी करावी आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. अपघातानंतर भरपाई अडली, तर किटची किंमत फार मोठी पडते.

मग निवड कशी करावी? जुनी गाडी मागून खचली असेल तर किट नको. थकलेले पाटे बदलले की उंची आपोआप परत येते. जादा पाटा घालून गाडी ताठ करता येते, पण नोंदणी पुस्तकातील वजनाची मर्यादा त्याने वाढत नाही. रोज माल वाहायचा असेल तर मागची उंची तशीच राहू द्यावी. वाट खरोखरच बिकट असेल आणि परवानगी मिळत असेल, तरच माफक उंचीची, त्याच मॉडेलसाठी बनवलेली पूर्ण किट जाणकार मेकॅनिककडून बसवावी. नुसत्या दिसण्यासाठी गाडी उंच करायची असेल, तर तेच पैसे चांगल्या टायरवर खर्च केलेले बरे. घाटातल्या ओल्या रस्त्यावर घरच्यांना त्यांचाच आधार असतो.