महिरपी कंसाची हकालपट्टी

मुलुंड-घाटकोपरकडे काय किंवा अंधेरी-बोरिवलीकडे काय, संगणकाची भाषा शिकविणारे वर्ग आतां गल्लोगल्लीं निघाले आहेत. शिकविणारा पुष्कळदां मराठी, शिकणारा मराठी, समजावून देण्याची भाषाही बहुधा मराठीच; परंतु फळ्यावर { हें चिन्ह उमटलें कीं दोघेही एकाएकीं परभाषिक होतात. बालभारतीच्या नववीच्या गणितांत ज्याला महिरपी कंस म्हणून मुलानें ओळखलें, ज्यांत त्यानें संच लिहिले, तेंच चिन्ह सायंकाळच्या वर्गांत ‘कर्ली’ होतें. आणि ‘कर्ली’ म्हणजे कोणतें, असें विचारणारा मुलगा मठ्ठ ठरतो! ओळखीची वस्तु नांव बदलून पुढें ठेवावयाची आणि ओळखली नाहीं म्हणून हंसावयाचें, हा कोठला न्याय?

आमच्याकडे नांवेंच नाहींत, हा आक्षेप तर अगदींच पोकळ. विरामचिन्हें मराठींत रुजविलीं तीं मेजर कँडी या इंग्रजानें. १८५० सालीं त्यानें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. इंग्रजाला जेथें मराठी परिभाषेची गरज वाटली, तेथें आम्हांस तिची लाज वाटावी! शिवाय चिन्हें बोलून दाखविण्याची संवय मराठी मुलाच्या हाडींमासीं खिळलेली असते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, हीं सारीं खुणांचीं बोलकीं नांवेंच नव्हेत काय? पोथी लिहिणारा गळलेलें अक्षर भरतांना काकपद काढी. इंग्रजी ‘कॅरेट’चाही मूळ लॅटिन अर्थ ‘उणें आहे’ असाच. संगणकांत ^ हें चिन्ह आज भलतेंच काम करितें हें खरें, पण काकपद म्हणतांच कावळ्याचा पाय डोळ्यांपुढें उभा राहतो. ‘कॅरेट’नें मराठी मुलास काय दिसतें? फार तर सोनें!

जगभर एकच नांव चालतें, असें कित्येक विद्वान् ठासून सांगतात. तें साफ खोटें आहे. # या चिन्हास अमेरिकन माणूस ‘पाउंड’ म्हणतो, ब्रिटिश ‘हॅश’. उद्गारचिन्हास युनिक्सवाले ‘बँग’ म्हणतात. रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं ई-मेलच्या पत्त्यांत बसविलेलें @ हें चिन्ह इटलींत गोगलगाय आहे, रशियांत कुत्रा, आणि डच लोकांत माकडाचें शेपूट. म्हणून कोणाचा टपाल-व्यवहार अडला नाहीं. यंत्र चिन्ह वाचतें. त्याचें बारसें कोणत्या भाषेंत झालें याची तें चौकशी करीत नाहीं. ‘सी’ भाषेंत अर्धविरामानें विधान पुरें होतें, मग त्यास ‘अर्ध’ कसें म्हणावें, अशीही एक थट्टा ऐकूं येते. थट्टेखोरांनीं ‘सेमी’चा अर्थ कोशांत पाहावा.

नोकरीच्या मुलाखतींत इंग्रजी नांवें लागतील, हें आम्हांस मान्य आहे. तीं अवश्य शिकवावीं, पण ओळखीच्या नांवामागून. तसेच संस्कृत धातूंची भट्टी पेटवून ज्यांना नवे शब्द पाडावयाचे असतील, त्यांच्याही पंक्तीस आम्ही बसत नाहीं. # ला चौफुली म्हणावें, ~ ला नागमोडी. आणि याहून बरें नांव एखाद्या चाळींतल्या पोरास सुचलें तर तेंच घ्यावें. वर्गचालकांनीं उद्यांच्या तासाला फळ्यावर चिन्ह काढून, स्वतः तोंड उघडण्यापूर्वीं मुलांसच विचारून पाहावें, याला तुम्ही काय म्हणतां?