एकट्याने परदेशी राहायचे, तर कोणत्या शहरी?

गेल्या दोन वर्षांत परदेशाची काही दारे मिटत चालली आणि काही किलकिली झाली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली आणि कायम वास्तव्याची पाच वर्षे दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. उलट जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसे २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवले. परिणाम आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या घरांत दिसू लागला आहे. न्यूजर्सी आणि टोरांटोच्या जागी आता म्युनिक, दुबई, सिंगापूर ही नावे ऐकू येतात.

आणखी एक बदल आहे, त्याची चर्चा कमी होते. पूर्वी मुलगा शिकायला जायचा, दोन वर्षांत लग्न व्हायचे आणि पुढचा संसार दोघांच्या पगारावर उभा राहायचा. आता तिशीच्या आसपासची मुले-मुली लग्नाचा विचार बाजूला ठेवून आठ-दहा वर्षांसाठी एकटी निघतात. काहींना लग्न करायचेच नसते, आणि तो त्यांचा प्रश्न आहे. पण एकट्याने राहायचे असेल तर शहर निवडण्याचे गणित निराळे होते. मंडळात आम्हा निवृत्त बँकवाल्यांकडे सल्ल्याला येणारे पालक पहिल्यांदा पॅकेज सांगतात. आमच्या मते एकट्या माणसाने पॅकेज शेवटी पाहावे.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांपलीकडे गेला आणि गुणाकार करण्याचा आपला जुना छंद आणखी बळावला. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून रुपया घसरला की दुबईचा पगारही कागदावर फुगतो. पण ज्या चलनात कमवायचे त्याच चलनात भाडे, भाजी आणि दाताच्या डॉक्टरची फी द्यायची असते. रुपयात गुणायची ती फक्त महिनाअखेरची शिल्लक.

जर्मनीचा हिशेब पाहू. २०२५ साली ब्लू कार्डसाठी किमान पगार वर्षाला ४८,३०० युरो होता, कामगारांचा तुटवडा असलेल्या क्षेत्रांत त्याहून कमी. समजा ५०,००० मिळाले. आपल्याकडे लगेच अर्ध्या कोटीच्या गोष्टी सुरू होतात. पण अविवाहित माणूस तिथे पहिल्या करवर्गात बसतो. एकाच्याच कमाईवर चालणाऱ्या जोडप्याला जी सवलत मिळते ती त्याला नाही. शिवाय निवृत्तिवेतन, आरोग्य आणि बेकारी विम्याची वर्गणी कापली जाते. वृद्धापकाळातल्या शुश्रूषेसाठी जो सक्तीचा विमा आहे, त्यात तर २३ वर्षांवरच्या निपुत्रिकाला पगाराच्या ०.६ टक्के जादा द्यावे लागतात. हाती महिन्याला साधारण २,७०० युरो येतात. रेडिओ-दूरदर्शनचे शुल्क घरटी १८.३६ युरो आहे. घरात चौघे असोत की एक, रक्कम तीच. एकटे राहण्याचा खर्च असा बारीकसारीक ठिकाणी लपलेला असतो. भाडे, इंटरनेट, वीजमीटर, काहीच कोणाशी वाटून घेता येत नाही.

यातला मोठा घास भाड्याचा. जर्मनीत ‘थंड भाडे’ आणि ‘ऊबदार भाडे’ असे दोन आकडे सांगतात. पहिला नुसत्या जागेचा, दुसऱ्यात हीटिंग व देखभाल धरलेली असते. जाहिरातीत पहिला ठळक दिसतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत मागता येते. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि नळ असतो, ओटा-शेगडी भाडेकरूने आणायची. म्युनिकला एका खोलीचे बरे घर हजार युरोंच्या आत मिळणे कठीण, लाइपझिगला तेवढीच जागा त्याच्या निम्म्यात मिळते. पगारात मात्र एवढा फरक बहुधा नसतो. म्हणून कंपनी म्युनिकची असली तरी राहायला ऑग्सबर्ग पाहावे, असे आम्ही सुचवतो. अंतर साठेक किलोमीटर, प्रादेशिक रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास. देशभरच्या सर्व स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. आणंदहून रोज अहमदाबादला जाणारे लोक आपल्या ओळखीत आहेतच.

दुबईत आयकर नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळेच सुखाचे वाटते. तिथे घरभाड्याचा करार वर्षाचा असतो आणि रक्कम बहुधा पुढच्या तारखांच्या धनादेशांनी घेतात. जितके कमी धनादेश, तितका दर कमी. म्हणजे वर्षभराचे भाडे एकदम किंवा दोन-तीन हप्त्यांत देण्याइतका पैसा हातात हवा. नव्याने गेलेल्या एकट्या माणसाकडे तो नसतो. मग तो ‘बेड स्पेस’ घेतो, नाहीतर हॉलमध्ये फळ्या ठोकून केलेली खोली. जून २०२५ मध्ये दुबई महापालिकेने अल रिग्गा, सतवा, अल बर्शा वगैरे भागांत अशा बेकायदा फळ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि अनेकांना दुसरी जागा शोधावी लागली. काही वस्त्या केवळ कुटुंबांसाठी राखीव असतात, तिथे एकट्याला घर मिळतच नाही. ‘बॅचलर’ हा शब्द तिथल्या जाहिरातींत वैवाहिक स्थिती कमी आणि घरमालकाचा नकार जास्त सांगतो. सिंगापूरला सरकारी गृहनिर्माणातल्या घरांत खोल्या भाड्याने मिळतात, पण ‘हलका स्वयंपाकच चालेल’ ही अट अनेक जाहिरातींत दिसते. फोडणी द्यायची की नाही, हे मालक ठरवणार.

एकट्या माणसाला घर कोण देते, यावर शहर ओळखावे. यात आपल्या बडोद्याची नोंद चांगली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांना वसतिगृहात खोली मिळाली आणि नवल भथेनांसारखा जन्मभराचा मित्र मिळाला. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा जातीमुळे त्यांना कोणीही जागा दिली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना निघायला लावले. आज सयाजीबाग म्हणतो त्या कमाटीबागेत त्यांनी काही तास बसून काढले. सात समुद्रांपलीकडच्या शहराने खोली दिली, शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाच्या शहराने नाही. परदेशातले घरमालक नाव पाहून नकार देतात म्हणून आपण रागावतो, तो राग योग्यच आहे. मात्र वडोदऱ्यात भाडेकरूचे आडनाव विचारणारे घरमालक आपल्याही गल्लीत आहेत.

घरानंतरचा प्रश्न, नोकरी गेली तर काय? जोडप्यात एकाची नोकरी जाते तेव्हा दुसऱ्याच्या पगारावर आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या व्हिसावर तग धरता येतो. एकट्याला तो टेकू नाही. अमेरिकेत एच-१बीवाल्याला साधारण ६० दिवस मिळतात, ब्रिटनमध्येही तेवढेच. सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पास रद्द झाल्यावर बहुधा ३० दिवसांत आवराआवर करायची. अमिरातींत ही मुदत व्हिसाच्या प्रकारावर ठरते. तिथे २०२३ पासून सक्तीचा बेकारी विमा आहे. मूळ पगार १६,००० दिरहॅमपर्यंत असेल तर महिना पाच दिरहॅम भरायचे, किमान वर्षभर भरलेले असावेत आणि नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के, तेही फार तर तीन महिने. ‘मूळ’ हा शब्द नीट वाचावा. एकूण पगार बारा हजार आणि मूळ पगार पाच हजार अशी विभागणी कंपन्या सर्रास करतात, आणि ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी हा एक आकडा वाढवून घेता आला तर घ्यावा.

जर्मनीत नोकरी गेल्यावर ब्लू कार्डवाल्याला नवी शोधायला सुरुवातीच्या काळात साधारण तीन महिने मिळतात. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के बेकारी भत्ता मिळतो, मुले असणाऱ्याला ६७. इथेही एकट्याचे माप थोडे कमीच! पण खरी किल्ली पुढे आहे. ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठली असेल तर २१ महिन्यांनंतरच. तो हातात आला की नोकरी जाणे म्हणजे देश सोडणे राहत नाही. दहा वर्षे राहायचे असेल त्याने भाषेच्या वर्गाला खर्च समजू नये. रोज संध्याकाळी दीड तास आणि दोन वर्षे, यात जी सुरक्षितता मिळते ती दुबईत कितीही पगार असला तरी विकत मिळत नाही. नुसत्या इंग्रजीवर बर्लिनच्या कंपनीत काम भागते, हे खरे. पण सरकारी कचेरीत, दवाखान्यात आणि घरमालकाच्या पत्रांत भागत नाही.

तिसरा मुद्दा आई-वडिलांचा, आणि आमच्या पिढीला तोच रात्री झोपू देत नाही. पुष्कळ घरांत एकच अपत्य आहे. ते एकटे परदेशी गेले की इकडे दोघे, आणि पुढे एकटाच कोणीतरी उरतो. अहमदाबादहून दुबई थेट विमानाने तीन तासांच्या आसपास, सिंगापूर सहाएक तास. रात्री फोन आला तर सकाळी मुलगी बिछान्याशेजारी असू शकते. म्युनिक किंवा फ्रँकफर्टहून मुंबईला थेट विमान आहे, पण लाइपझिगहून निघाल्यास आधी तिथपर्यंत पोचणे, मग विमान, मग मुंबईहून वडोदरा. दारात पोचेपर्यंत संपूर्ण दिवस जातो. आई-वडील सत्तरीपलीकडचे आणि जवळ दुसरे कोणी नसेल, तर आमचा कौल दुबई किंवा सिंगापूरला आहे, करियरमध्ये दोन पायऱ्या मागे राहिले तरी. पालक साठीचे आणि धडधाकट असतील तर हा विचार मुलांवर लादू नये. ‘तुझ्यामुळे’ हा शब्द तर मुळीच वापरू नये.

‘तिथे आपली माणसं आहेत ना?’ हा वहिनींचा ठरलेला प्रश्न. आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, सिंगापूर आणि दुबईतही मंडळे आहेत. गणपती आणि दिवाळी पार पडते. पण मंडळे बव्हंशी कुटुंबांभोवती फिरतात. बालनाट्य आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात तेहतीस वर्षांच्या एकट्या मुलीने काय करायचे? आपल्याकडेही याचा विचार झालेला नाही. डिसेंबरात बर्लिनला चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रविवारी दुकाने बंद असतात. एकट्या माणसाला तो दिवस फार लांब वाटतो. म्हणून शहर निवडताना गिर्यारोहण, गायनवृंद, क्रिकेटचा संघ, असे दर आठवड्याला त्याच चार माणसांना भेटवणारे काहीतरी तिथे आहे का, हे पाहिलेले बरे. ताप आला तर किल्ली कोणाकडे आहे, हे बहुतेक अशाच ओळखीतून ठरते.

एवढे सगळे जमेस धरून सांगायचे तर, दहा वर्षे राहायचे आणि भाषा शिकायची तयारी असेल त्याने जर्मनीतले मध्यम शहर घ्यावे, नुरेम्बर्ग किंवा लाइपझिगसारखे, राजधानी नव्हे. दुबई चार-पाच वर्षांसाठी आणि एका ठरलेल्या रकमेसाठी. गृहकर्ज फेडायचे आहे, फेडले की परत. तिथे ‘बघू पुढे’ म्हणत राहिलेला माणूस पन्नाशीत हातात फक्त ग्रॅच्युइटी घेऊन येतो, कारण निवृत्तिवेतन नाही आणि नागरिकत्व जवळपास अशक्य. जर्मनीत पाच वर्षे वर्गणी भरली की म्हातारपणी पेन्शनचा हक्क लागतो. सिंगापूर आम्ही मधले ठेवतो. शिस्त, सुरक्षितता, एकट्या बाईने रात्री अकराला फिरावे असे रस्ते. पण परदेशी कर्मचाऱ्याला तिथल्या भविष्यनिर्वाह निधीत स्थान नाही, बचत स्वतःच करायची.

जाण्यापूर्वीची कागदपत्रे राहिली. अनिवासी झाल्यावर इथले बचत खाते एनआरओ करून घ्यावे. ते तसेच साधे चालू ठेवणे नियमाविरुद्ध आहे आणि सर्रास घडते. परदेशी कमाई एनआरई खात्यात ठेवावी, तिचे व्याज इथे करमुक्त आहे आणि मुद्दल-व्याज दोन्ही परत नेता येते. जुने पीपीएफ मुदतीपर्यंत चालते, नवे उघडता येत नाही. आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार वारसदारांपर्यंत नामनिर्देशन करता येते. लग्न न झालेल्यांच्या खात्यात पुष्कळदा एकच नाव असते, आणि ते आईचे असते. तिच्याखाली दुसरे एखादे, वयाने लहान नाव आताच लिहून टाकावे.