सावत्र मुलं आणि पारशी वारसा कायदा

आपल्या डहाणू-घोलवड पट्ट्यात पारशी-इराणी कुटुंबांच्या चिकूच्या वाड्या जुन्या. इथे बातमीदारी करताना एक प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो: दुसरं लग्न झालेल्या पारशी माणसाची सावत्र मुलं वारस होतात का?

मृत्युपत्र नसेल तर नाही. पारशी वारसा चालतो १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने. त्यात बायको किंवा नवरा आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा. आईवडील हयात असतील तर त्यांना प्रत्येकी मुलाच्या निम्मा. १९९१ पर्यंत मुलीला मुलापेक्षा कमी मिळायचं, ते सुधारलं. पण 'मूल' म्हणजे स्वतःचंच.

समजा, एका वाडीमालकाला पहिल्या बायकोपासून मुलगा आहे. दुसऱ्या बायकोची आधीची मुलगी त्याने लहानपणापासून सांभाळली, शिकवली. तो गेला, आईवडील आधीच गेलेले, तर वाडी निम्मी बायकोची, निम्मी मुलाची. मुलीला शून्य.

मग सगळंच बायकोला देऊन टाकलं तर? पुढे तीही मृत्युपत्र न करता गेली, की सगळं तिच्या पोटच्या मुलीकडे. त्याचा सख्खा मुलगा बापाच्या वाडीबाहेर!

आणखी एक मेख आहे. पारशी माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंना हा नियम नाही, म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांना तो ठाऊकच नसतो. कपाटातल्या जुन्या कागदावर विसंबून राहू नका.

उपाय अवघड नाही. स्वतःची सगळी मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. घर-वाडीचा उपभोग बायकोला हयातभर, तिच्यामागे दोन्ही मुलांना, असं नावानिशी लिहा. दोन साक्षीदार घ्या, पण ज्याला काही द्यायचंय तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीला नको. नाहीतर त्याचा वाटा बाद होतो. आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात असू द्या. वकिलाची फी पुढच्या कोर्टकचेरीपेक्षा स्वस्तच पडते.

विषय काढला की घरात 'माझ्या मरणावर टपलात का?' ऐकावं लागतं, माहीत आहे. तरी माझं स्पष्ट मत: दुसरा संसार मांडणाऱ्याने लग्नानंतर महिन्याभरात मृत्युपत्र करावंच. जिला आयुष्यभर आपली लेक म्हटलं, तिला उद्या तलाठ्याने 'तुमचं नातं काय?' विचारल्यावर गप्प बसावं लागू नये.