पडद्यावरचा शाहीर आणि चाळीतला शाहीर

मराठी चित्रपटाचा इतिहास शिकवताना आपण साधारणपणे एका ठरावीक वाटेने जातो. दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, मग १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली ‘प्रभात’, आणि पुढे ‘प्रभात’मधून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम यांचे ‘राजकमल कलामंदिर’. स्टुडिओ कोणी काढला, तेथे कोणते चित्रपट झाले, त्यांना कोणते सन्मान लाभले, हे सारे या वाटेवर येते. तो स्टुडिओ कोणत्या वस्तीत उभा होता आणि त्या वस्तीशी त्याचे नाते काय होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

‘राजकमल’ १९४२ मध्ये परळला सुरू झाले. जागा पूर्वी वाडिया मूव्हीटोनची होती. ‘हंटरवाली’सारखे (१९३५) साहसपट काढणारी हीच ती संस्था. स्टुडिओच्या चहूबाजूंना गिरणगाव होते. परळ, लालबाग, डिलाइल रोड, नायगाव, वरळी हा सारा टापू गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारा. वरळीच्या बीडीडी चाळी तेथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक नळ-संडास. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार आणि गावकुसाबाहेरचे जिणे मागे टाकून शहरात आलेला दलित समाज येथे स्थिरावला. मराठी भाषकांची इतकी दाट वस्ती आणि तिच्या शेजारी मराठी माणसाने उभारलेला एवढा सुसज्ज स्टुडिओ, असा योग क्वचितच जुळून आला असेल.

आता दोन्हीकडचा कालक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहू. १९४३ मध्ये ‘राजकमल’चा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ झळकला आणि मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात १०४ आठवडे चालला. त्याच वर्षी वामनदादा कर्डक यांनी आपले पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन म्हणून. वामनदादांना अक्षरओळख झाली ती शिवडीच्या बीडीडी चाळीत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. चाळींच्या आवारांत आणि मैदानांत त्यांचे पोवाडे, लावण्या व तमाशे होऊ लागले. आणि १९४७ मध्ये ‘राजकमल’ने मराठी चित्रपट काढला, त्याचे नावच ‘लोकशाहीर राम जोशी’! पाठोपाठ १९५१ मध्ये होनाजी बाळाच्या जीवनावरील ‘अमर भूपाळी’ आला, तो १९५२ च्या कान महोत्सवापर्यंत पोहोचला.

म्हणजे परळच्या स्टुडिओलाही शाहीरच हवा होता. पण तो उत्तर पेशवाईतला. कामगारांच्या सभेत डफ घेऊन उभा राहणारा, संप, महागाई आणि खोलीचे भाडे यांवर गाणारा हयात शाहीर हाकेच्या अंतरावर असूनही पडद्यावर आला नाही. चित्रपटाची चाल चाळीत गेली, वामनदादांसारख्यांनी ती आपलीशी केली, तिच्यात स्वतःचे शब्द भरले. उलट दिशेने, चाळीतून स्टुडिओत, काही गेल्याचे दिसत नाही. ‘राजकमल’च्या इतिहासातील ही पोकळी आम्हांस त्याच्या यशाइतकीच बोलकी वाटते.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्टुडिओ हा अखेर धंदा. त्याची बाजारपेठ हिंदी आणि अखिल भारतीय, त्याने चाळीकडे का पाहावे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गिरणी पडद्यावर आणणे सोपे नव्हते. १९३४ मध्ये मोहन भवनानी यांनी प्रेमचंदांच्या लेखनावरून ‘मजदूर’ काढला, तेव्हा मुंबईच्या सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. हा अनुभव मुंबईतल्या निर्मात्यांच्या स्मरणातून इतक्या लवकर गेला असेल, असे मानणे कठीण आहे. शिवाय शांतारामांना सामाजिक प्रश्नांचे वावडे होते, असेही कोणी म्हणू शकणार नाही. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘दहेज’ (१९५०), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही नावे पुरेशी आहेत.

हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतोच, आणि तो उरतो हे केरळकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. मल्याळम चित्रपट दीर्घकाळ मद्रास-सेलमच्या स्टुडिओंवर अवलंबून होता. १९४७ मध्ये कुंचाको यांनी अलप्पुळा येथे ‘उदया’ स्टुडिओ काढून त्याला स्वतःच्या भूमीत घर दिले. अलप्पुळा हे काथ्याच्या कारखान्यांचे, कामगारांचे गाव. ‘उदया’नेही वीरगाथांचा आधार घेतला, उत्तर केरळच्या लोकगाथांवरील ‘उण्णियार्चा’ (१९६१) हे त्याचे उदाहरण. परंतु त्याच कुंचाकोंनी १९६८ मध्ये ‘पुन्नप्र वायलार’ काढला. शेजारच्या गावांतील काथ्या-कामगारांनी व शेतमजुरांनी १९४६ मध्ये केलेला उठाव हा त्याचा विषय. तेव्हा राजकीय हवा अनुकूल झाली होती, हे खरे. आणि तोही धंदाच होता, हेही खरे. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते. लोकगाथा आणि शेजारचा लढा एकाच स्टुडिओत, एकाच निर्मात्याकडून येऊ शकतात. आपल्याकडे पहिली आली, दुसरा राहिला.

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या पुढे पडद्यावर आल्या. ‘वैजयंता’ १९६१ मध्ये, ‘फकिरा’ १९६३ मध्ये. पण त्या अन्य निर्मात्यांकडून आणि ग्रामीण कथानकाच्या. ‘मुंबईची लावणी’ लिहिणारे अण्णा भाऊ बाहेरच राहिले. ‘लालबाग परळ’ चित्रपटगृहांत लागला २०१० मध्ये. १९८२ च्या संपाला तोवर अठ्ठावीस वर्षे लोटली होती आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले होते.

आमचा रोख शांतारामांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याकडे नाही. स्टुडिओने जी विभागणी केली, तीच आपला अभ्यासक्रम आजही करतो, हे आम्हांस खटकते. राम जोशी, होनाजी बाळा ‘मध्ययुगीन वाङ्मया’त, अण्णा भाऊ आणि वामनदादा ‘दलित व कामगार साहित्या’त, आणि चित्रपट असलाच तर एखाद्या ऐच्छिक पत्रिकेत. तिन्ही एकाच शहरात, एकाच दशकात एकमेकांच्या कानावर पडत होते, हे विद्यार्थ्याला कळण्याची सोयच त्यात नाही.

वरळीच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचा आनंदच मानला पाहिजे. एकशे साठ चौरस फुटांत संसार केलेल्यांना जुन्या चाळीचे गोडवे ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मैदानात कोणते कलापथक आले, कोणत्या सिनेमाच्या चालीवर कोणते भीमगीत बसवले गेले, स्टुडिओत सुतारकामाला किंवा गर्दीच्या दृश्यात उभे राहायला चाळीतून कोण जात असे, हे सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि पुनर्विकासात शेजार बदलतो आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय देताना आणखी एका कादंबरीतील स्त्रीचित्रणाऐवजी हे काम द्यावे, असे आम्ही सुचवतो. आमच्या वर्गांतील कित्येक मुले-मुली याच चाळींतून येतात. आजी-आजोबांना चार प्रश्न विचारून, त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरवून आणणे त्यांना अवघड नाही. परळच्या स्टुडिओचा जो इतिहास आजवर लिहिला गेला नाही, त्याची पहिली साधने अशाच वह्यांतून जमा होतील.